निळ्या-पांढऱ्या ताटलीवर सिद्धेश्वरचं तळं

चौदाव्या शतकात चीनमधल्या चिंगदेचनचे कारागीर इराणकडून आलेल्या कोबाल्टने पांढऱ्या पोर्सेलिनवर ड्रॅगन आणि कमळं रंगवत. 2017 मध्ये चिनी कलाकार आय वेवे यांनी तशाच ताटल्यांवर युद्ध, छावण्या आणि समुद्र ओलांडणारे निर्वासित आणले. निळा रंग आणि मांडणी जुनी, मधला विषय आजचा. सोलापूरची ताटली करतानाही हेच धरून चालायचं. मांडणी मोडली की उरते ती फक्त निळी ताटली.

25 सेंमीची, एकदा भाजलेली पण ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप) न लावलेली पांढरी ताटली घ्या. मधोमध 13 सेंमीचं वर्तुळ आखा. मिंग काळाच्या अखेरीस निर्यात होणाऱ्या क्राक ताटल्यांचा काठ कप्प्यांत विभागलेला असे. आपण सात कप्पे करू, कारण सोलापुरात सिद्धेश्वरच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज सात असतात आणि उंच, सडपातळ काठी अशा कप्प्यात नेमकी बसते. कोन मोजत बसू नका. काठाभोवती कागदाची पट्टी गुंडाळून तिचे सात भाग करा, एकेक सुमारे 11.2 सेंमीचा येतो. दोन कप्प्यांच्या मधल्या जागेत सोलापुरी चादरीवरचं फूल घ्या. जेकॉर्ड मागावर विणलेल्या फुलाच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतात, त्या तशाच ठेवा, गोल करू नका. मधल्या वर्तुळात तळं आणि मंदिर.

चित्र कागदावर काढून रेषांवर सुईने भोकं पाडा आणि कोळशाच्या पुरचुंडीने ताटलीवर उठवा. कोळसा भट्टीत जळून जातो.

रंगासाठी कोबाल्ट कार्बोनेट 10 ग्रॅम, चिनी माती 10 ग्रॅम, पारदर्शक ग्लेझची पूड 5 ग्रॅम आणि पाणी 100 मिली घोटून घ्या. डिंकाचं पाणी एक चमचा. कोबाल्ट विषारी आहे: मास्क लावा, स्वयंपाकाची भांडी वापरू नका. रंग आता जांभळट दिसतो, निळा भट्टीतच होतो, म्हणून गडदपणा डोळ्याने ठरवू नका. आधी एका तुकड्यावर गडद-फिक्या रंगाच्या तीन पातळ्या भाजून बघा.

सोलापूरच्या उन्हाळ्यात रंग ब्रशमध्येच सुकतो. पहाटे बसा, पंखा बंद ठेवा, चित्र उठवण्याआधीच ताटली ओल्या स्पंजने पुसून घ्या आणि रंगात ग्लिसरीनचे 3-4 थेंब टाका. आधी बारीक रेषा. मग तोच रंग चौपट पाण्याने पातळ करून भरा. भरलेला ब्रश टेकवून रंगाचं थारोळं पुढे ढकलत न्यायचं. ब्रश परत मागे फिरला की तिथे डाग पडतो आणि तळ्याच्या पाण्यावर तो लगेच दिसतो.

ग्लेझ लावण्याआधी ताटली 700 अंशांवर भाजून घेतली, तर डिंक जळून रंग घट्ट बसतो. मग शिसं नसलेल्या पारदर्शक ग्लेझमध्ये 2-3 सेकंद बुडवा. थर जेमतेम एक मिलिमीटरचा हवा. बुडाची कडा स्पंजने पुसा, नाहीतर ताटली भट्टीच्या फळीला चिकटते. शेवटची भाजणी ग्लेझच्या पिशवीवर दिलेल्या तापमानालाच करा. स्टोनवेअरचं (जास्त तापमानाला भाजलेल्या टणक भांड्यांचं) ग्लेझ बहुधा 1220 ते 1240 अंशांचं असतं. भट्टी 100 अंशांखाली आल्यावरच उघडा.

काळे, धातूसारखे ठिपके आले तर कोबाल्ट जाड लागला आहे. रेषा वाहिल्या तर ग्लेझ जाड किंवा ताप जास्त. ग्लेझ आक्रसून मागे सरकलं तर धूळ, बोटांचं तेल किंवा डिंकाचा अतिरेक. निळा जांभळ्याकडे झुकला तर ग्लेझमध्ये मॅग्नेशियम आहे, टाल्क किंवा डोलोमाइट नसलेलं ग्लेझ घ्या.