सॅमन मोजताय? मग निदान या चुका तरी करू नका

दर सीझनला नवीन पोरं येतात, नदीत पाय भिजायच्या आधी लॅपटॉप उघडतात आणि त्याच त्याच चुका करून मोकळी होतात. म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

पहिली आणि माझ्या सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे टॅगवर आंधळा विश्वास. पद्धत सोपी आहे, खाली नदीच्या मुखाजवळ समुद्रातून चढून येणारे काही मासे पकडून टॅग लावून सोडायचे, नंतर वर अंडी घालून मेलेले मासे तपासायचे आणि त्यात टॅगवाले किती यावरून एकूण आकडा काढायचा. आमच्या पहिल्या वर्षी आम्ही 200 ना टॅग लावले, नंतर 300 मेलेले तपासले, त्यात टॅग सापडले 12. अशा टॅगांवरून एकूण आकडा काढणाऱ्या चॅपमनच्या सूत्रात, तिन्ही आकड्यांत 1 मिळवून, घातलं, म्हणजे 201 गुणिले 301 भागिले 13 वजा 1, उत्तर साधारण 4,650. आमचं टार्गेट, म्हणजे अंडी घालायला किमान इतके मासे वर पोचायला हवेत तो आकडा, होतं 3,000, त्यामुळे सगळे खूश, पुढच्या वर्षी मासेमारी थोडी वाढवायला हरकत नाही असं रिपोर्टात लिहूनसुद्धा टाकलं.

मग टीममधल्या एका जुन्या माणसाने सहज विचारलं, कल्ल्याची झाकणं बघितली का रे? टॅग लावताना आम्हीच प्रत्येक माशाच्या कल्ल्याच्या झाकणाला पंचने एक गोल भोक पाडलं होतं, टॅग पडला तरी ओळखता यावा म्हणून, आणि तपासताना घाईत ते बघायचंच विसरलो. नशीब की ओटोलिथ काढायला, म्हणजे कानातल्या खड्यावरून वय बघायला, सगळी डोकी पिशव्यांत ठेवली होती. दोन दिवस नाकाला रुमाल बांधून 300 सडकी डोकी उलटीपालटी केली, आणखी 8 भोकंवाली निघाली. म्हणजे 12 नाही, 20. नवीन उत्तर 2,880. टार्गेट पार झालंच नव्हतं! रिपोर्ट मागे घेताना काय काय ऐकलं ते इथे लिहीत नाही.

बरं टॅग पडणारच, मादी शेपटीने गोटे उकरते, नर एकमेकांना चावतात. आणि टॅग लावल्यावर जे घाबरून खाली समुद्रात परत जातात किंवा मरतात ते तर मोजणीत येतच नाहीत, त्यांच्यामुळेही आकडा फुगतो. म्हणून माझी सवय अशी की आधी कल्ला बघायचा, मग टॅग, आणि वहीत दोन्हीला वेगळे रकाने.

दुसरी, जास्तीत जास्त दिसलेला आकडा म्हणजे एकूण आकडा समजणं. नदीत मासे येत राहतात आणि मरत राहतात, एका दिवशी 600 दिसले म्हणजे 600 च आले असं नाही. वरचेवर मोजणी करून त्यातून सगळ्या दिवसांचे मासे-दिवस, म्हणजे रोजच्या माशांची बेरीज, काढायचे आणि एक मासा तिथे सरासरी किती दिवस दिसतो त्याने भागायचं. 12,000 मासे-दिवस आणि 10 दिवस मुक्काम तर 1,200. मुक्कामाचा आकडा दुसऱ्या नदीवरून उचलू नका, 10 च्या जागी 15 घातले की तेच 1,200 चे 800 होतात. आणि कितीही नीट बघा, काही मासे तुमच्या डोळ्याला दिसतच नाहीत, तोही हिशोब धरा.

सोनार यंत्र, म्हणजे पाण्यात ध्वनिलहरी सोडून मासे टिपणारं, माशाची जात सांगत नाही, जाळं टाकून प्रमाण बघावंच लागतं. परत खाली उतरणारे मासे वजा करा. पाण्यावरची चमक कापणारा पोलराइज्ड चष्मा विसरलात तर घरीच थांबा.

टॉवरवरून मोजणारे तासातली 10 मिनिटं मोजून 6 ने गुणतात, अलास्कात ब्रिस्टल बेला हे वर्षानुवर्षं चालतं आणि नीट चालतं. पण झोप आली म्हणून रात्रीचा तास आजूबाजूच्या तासांवरून भरणारे महाभाग मी पाहिलेत, आणि मासे नेमके रात्री चढले होते.

आता अंदाज. कॅनडातल्या फ्रेझर नदीत 2009 ला सॉकाय, म्हणजे सॅमनचीच एक जात, 1 कोटीच्या वर येतील असा अंदाज होता, आले साधारण 15 लाख, आणि पुढच्याच वर्षी जवळजवळ 3 कोटी. तिथल्या अॅडम्स नदीचं चक्र 4 वर्षांचं आहे, 2010, 2014, 2018 अशी मोठी वर्षं, तरी लोक गेल्या वर्षाशी तुलना करून "साठा कोसळला" म्हणून ओरडतात. आणि 8 बिंदूंवर एक्सेलमध्ये रिकर कर्व्ह, म्हणजे अंडी घालणारे किती आणि त्यांच्यापासून पुढे किती मासे होतात त्याची वक्ररेषा, काढून टार्गेट ठरवणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय, मी फक्त त्यातला एक बिंदू पुसून परत काढायला सांगतो आणि कर्व्ह कुठे पळतो ते त्यांनाच बघू देतो.