नायकेन डावीकडे ओढत होती, तेव्हा

म्युनिकला राहतो, यामाहा नायकेन जीटी ही तीनचाकी मोटरसायकल चालवतो. पुढे 15 इंची दोन चाकं, त्यांना धरणारे चार फोर्क (शॉक शोषणारे दांडे), वळणावर 45 अंशांपर्यंत झुकते. फार जिवाची गाडी आहे. आल्प्समधून परतताना ती सरळ रस्त्यावरही डावीकडे ओढू लागली. झुकवणाऱ्या दांड्यांची बेअरिंगं गेली की काय, म्हणून पोटात गोळा आला.

सकाळी टायर थंड असताना हवा मोजली. डाव्या चाकात 6 पीएसआय कमी! साबणाचं पाणी लावलं, तर व्हॉल्व्हच्या तोंडाशी मोहरीएवढा बुडबुडा हळूहळू फुगत होता. व्हॉल्व्हपिन बदलली, दोन्हीकडे सारखी हवा भरली. गाडी सरळ धावली.

आता दर रविवारी दोन्ही चाकं तपासतो, एकाच गेजने. दोन गेज कधीच सारखं दाखवत नाहीत.