टू-डी इकोतले 'साठ टक्के' आणि आपले गैरसमज: या चुका टाळा

टू-डी इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट हातात पडला की घरात पहिला प्रश्न ठरलेला: "साठच टक्के? म्हणजे चाळीस टक्के हार्ट गेलं?" नाही. रिपोर्टमधला हा आकडा, इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे दहावीचे मार्क नव्हेत. डाव्या कप्प्यात साधारण १२० मिलिलिटर रक्त भरतं, त्यातलं ७०च्या आसपास एका ठोक्याला बाहेर पडतं; हा वाटा म्हणजेच ते टक्के. उरतं ती शिल्लक. जिना चढताना त्यातूनच आणखी थोडं काढता येतं. ५५ ते ७० टक्के म्हणजे आवळण्याचा जोर ठणठणीत. शंभर कुणाचेच नसतात.

दुसरी चूक कॅल्शियमची. हृदयाच्या पेशीत ठोक्यागणिक कॅल्शियम शिरतं आणि त्यावर आकुंचनाचा जोर ठरतो, हे खरं. १८८३ साली लंडनमध्ये सिडनी रिंगर या डॉक्टरांना ते जवळजवळ अपघातानेच कळलं: नळाच्या पाण्यात केलेल्या मिठाच्या द्रावणात बेडकाचं हृदय धडधडत राहिलं, शुद्ध पाण्याच्या द्रावणात मंदावत थांबलं. फरक नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमचा होता. पण म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या खाऊन हृदय बळकट होत नाही. रक्तातली पातळी शरीर घट्ट धरून ठेवतं. पेशीत किती सोडायचं ते अ‍ॅड्रेनलिनसारखे संदेश ठरवतात.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. "गोळीनं नाडी साठवर आली, हार्ट कमजोर करतेय," असं म्हणून दुबळ्या हृदयासाठी दिलेली मेटोप्रोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल स्वतःच बंद करणं. या गोळ्या अ‍ॅड्रेनलिनचा जोर अडवतात, म्हणून सुरुवातीला थकवा वाटू शकतो. पण दुबळ्या हृदयावर रात्रंदिवस अ‍ॅड्रेनलिनचा मारा म्हणजे दमल्या बैलाला पराणी टोचत राहणं. काही दिवस गाडी पळते, मग बैल बसतो. अचानक गोळी सोडली की अडवलेला जोर एकदम अंगावर येतो. चक्कर येत असेल, नाडी फारच उतरली असेल, तर डॉक्टरांना फोन करा. डोस कमी-जास्त त्यांनाच करू द्या.

हृदयाचा स्नायू ताणला गेल्यानेही जोर वाढतो: जास्त रक्त भरलं की स्नायू जास्त ताकदीने आवळतो. थकलेल्या हृदयात मात्र ही सोय लवकर संपते आणि पापड-लोणच्याच्या मिठाने साठलेलं पाणी फुप्फुसात उतरतं.

आणि साठ टक्के असूनही धाप लागत असेल, तर "रिपोर्ट नॉर्मल आहे" म्हणून घरी बसू नका. ताठर झालेलं हृदय आवळतं नीट, पण सैल पडून भरत नाही; हा आकडा ते दाखवत नाही.