बाळाची मालिश: आधी विचारा, मग हात लावा

बाळाला तेल लावण्याआधी त्याला विचारायचं. दोन्ही तळहात एकमेकांवर चोळून कोमट करायचे आणि बाळाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर धरायचे, कारण नव्या बाळाला तेवढ्या अंतरावरचंच नीट दिसतं. मग म्हणायचं, "काय म्हनस रे पोऱ्या, तेल लावू का?" आणि थांबायचं. बाळ तुमच्याकडे बघत राहिलं, मुठी सैल झाल्या, पाय हलायला लागले तर सुरू करा. तोंड फिरवलं, पाठ ताणली, बोटं फाकवली, कपाळाला आठ्या आल्या, लागोपाठ जांभया किंवा उचक्या यायला लागल्या तर ते नाही म्हणतंय. अशा वेळी उचलून छातीशी धरा. तेल संध्याकाळी लावता येईल.

मी जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यात आरोग्य उपकेंद्रावर एएनएम, म्हणजे घरोघरी जाणारी आरोग्यसेविका होते. बाळंतिणीच्या घरी गेलं की ठरलेलं दिसायचं: न्हाणीत पाय लांब करून बसलेली मालिशवाली मावशी, तिच्या पायांवर बाळ आणि बाळाचा एकच आकांत. आजी शेजारून सांगणार, "रडू दे, रडल्याने छाती मोकळी होते." जन्मतःचं रडणं वेगळं, तेव्हा फुप्फुसात हवा भरायची असते. महिन्याचं बाळ अंगाला हात लागल्यावर किंचाळतं, तेव्हा त्याला तो हात नको असतो. रोज ते नाही म्हणतं आणि रोज कुणी ऐकत नाही, हे मला बघवत नसे. मालिशीने हाडं घट्ट होतील, बाळ गोरं होईल, नाक सरळ होईल, यातलं काही होत नाही. होतं ते एवढंच की आपण सांगितलं की आई-बाप ऐकतात, हे बाळाला समजायला लागतं. माझ्या मते मालिश करायची ती त्यासाठी.

म्हणून मावशीला काढून टाका असं मी म्हणत नाही. बाळंतिणीची कंबर तिच्यासारखी कुणी चोळत नाही. पण बाळाच्या बाबतीत काही गोष्टी तिला करू देऊ नका: कानात, नाकात, बेंबीत तेल घालणं, टाळूवर तेल थापून दाबणं, नव्या बाळाची सुजलेली छाती पिळणं (ती आईच्या संप्रेरकांमुळे सुजते, आपोआप उतरते, पिळली तर पू होतो), पाय धरून उलटं टांगणं, डाळीच्या पिठाने लव काढणं, शेगडीवर ओवा टाकून धुरी देणं. मावशीशी भांडू नका. "मावशी, डॉक्टरांनी नको सांगितलंय" एवढं म्हटलं की तिचा मान राहतो. आणि मावशी कितीही चांगली असली तरी दिवसातली दहा मिनिटं आईने किंवा बापाने स्वतःच्या हाताने करावी.

तेल साधं घ्या, बिनवासाचं. खोबरेल चांगलं. २००५ मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयातल्या डॉक्टरांनी खोबरेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली, त्यात दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळांपैकी खोबरेल लावलेल्यांचं वजन जास्त वाढलं होतं. सूर्यफुलाचं तेलही चालतं. मोहरीचं नको, त्याने कोवळ्या कातडीचा वरचा थर बिघडतो. पहिल्या दिवशी पोटरीवर एक थेंब लावून दुसऱ्या दिवशी बघा, लाल पुरळ नसेल तरच पुढे जा. चहाचा एक चमचा तेल सगळ्या अंगाला पुरतं. ते बाळावर ओतायचं नाही, आपल्या तळहातावर घ्यायचं.

आपल्याकडचा उन्हाळा मात्र लक्षात ठेवा. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४४-४५ वर जातो. तेव्हा अंगभर तेल थापलं की घामोळ्या येणारच. त्या दिवसांत सकाळी लवकर, जेमतेम हात सरकेल एवढं तेल लावा, नाहीतर बिनतेलाचा नुसता हात फिरवा, तोही मालिशच आहे. डिसेंबरात उलट करा: दारं लावा, ऊन अंगणातून ओसरीवर आल्यावर बसा, आणि ज्या भागाला तेल लावताय तेवढाच उघडा ठेवून बाकी दुपट्यात गुंडाळा. दूध पाजल्यावर पाऊण तास जाऊ द्या. बांगड्या, अंगठ्या काढा. बसा जमिनीवर, गोधडी घालून. तेलाचं बाळ हातातून निसटतं, म्हणून खाट नको.

पायांपासून सुरू करा, पायाला हात लागलेला बाळं लवकर मान्य करतात. एका हाताने घोटा धरा, दुसऱ्या हाताने मांडीपासून घोट्यापर्यंत या, मग हात बदला, गायीची धार काढताना सडावरून हात उतरतो तसा. जोर किती? तुमच्या स्वतःच्या मिटलेल्या पापणीवर जेवढा सहन होईल तेवढाच. वेग याहून महत्त्वाचा. कातडीत काही मज्जातंतू फक्त हळुवार स्पर्शाला जागे होतात, आणि हात सेकंदाला साधारण ३ सेंटीमीटर सरकला की ते सगळ्यात जास्त बोलतात. म्हणजे मांडीवरून घोट्यापर्यंत जायला मनात पाच आकडे मोजा. घाईने खसाखसा चोळलं तर ते गप्पच राहतात. मग तळपाय अंगठ्याने, एकेक बोट. पोटावर नाळ पडून बेंबी पूर्ण सुकल्याशिवाय जाऊ नका. नंतर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गोल हात फिरवा, आतडी त्याच दिशेने सरकतात. वायू धरला असेल तर गुडघे पोटाशी नेऊन थोडं थांबा, सोडा. छाती मधून बाहेर, हात खांद्यापासून मनगटापर्यंत. बाळ हात आखडून घेत असेल तर ओढू नका, ती जागा सोडून पुढे चला. शेवटी पालथं घालून पाठ, कण्याच्या दोन्ही बाजूंनी, कण्यावर नाही. तोंडाला तेल नको, नुसती बोटं भुवयांवरून कानाकडे.

आता बापांसाठी. पहिलं बाळंतपण माहेरी, बाप सुरतेला मिलमध्ये. सुट्टीत भुसावळच्या गाडीने येतो, लांबून बाळ बघतो, आणि "तुझे हात खरखरीत आहेत" म्हणून त्याच्याकडे कुणी बाळ देत नाही. द्या. खरखरीत हाताला जास्त तेल लावा, नखं कापा. तेही नको वाटलं तर शर्ट काढून भिंतीला टेकून बसा, फक्त लंगोट घातलेलं बाळ छातीवर उभं ठेवा, मान एका बाजूला, नाक मोकळं, वरून चादर. डोळा लागत असेल तर बाळ आईकडे द्या. शेतातून येणाऱ्या बापाला एकच अट: कपाशीवर फवारणी केली असेल तर साबणाने डोक्यावरून आंघोळ आणि कपडे बदलल्याशिवाय बाळाजवळ यायचं नाही. फवारणीचे कपडे बाळाच्या दुपट्यांत धुवायचे नाहीत.

वजन कमी असलेलं बाळ, म्हणजे अडीच किलोच्या आतलं, याची मालिश डॉक्टरांना विचारून. त्याला आधी छातीशी बांधा, कांगारूसारखं. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटाच्या दवाखान्यात काचेच्या पेट्या कमी पडल्या, तेव्हा डॉक्टरांनी बाळं आयांच्या छातीवर ठेवायला सुरुवात केली. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतल्या अभ्यासात १ ते १.८ किलोची बाळं जन्मताच आईच्या छातीशी ठेवली, तर मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. सातपुड्यातल्या आयांना मी हे सांगायचे तेव्हा त्या ओढणीची झोळी माझ्याआधी बांधून दाखवायच्या.

ताप, पुरळ, पिवळेपणा, दूध न ओढणं असेल तर तेल नको, दवाखाना. लस घेतल्यावर त्या मांडीला एक-दोन दिवस हात लावू नका, गाठ चोळायची तर अजिबात नाही.

बाळ रांगायला लागलं की ते पाठीवर पडून राहत नाही. मग धरून ठेवू नका. एखाद्या दिवशी फक्त पाय होतील, एखाद्या दिवशी भिंतीला धरून उभं असताना पाठ होईल, आणि कधी तेच तुमच्या हाताला तेल फासायला लागेल. तेव्हा हात पुढे करा आणि त्याचं होईपर्यंत बसा.