तळं खणण्याआधी जमीन कुणाची ते विचारा

मत्स्यविज्ञानाची पदवी हातात आली की काही मुलामुलींना आफ्रिकेतल्या खेड्यांत काम करावंसं वाटतं. त्यातले काही मला फोन करतात, कारण मी मलावीच्या दक्षिण भागात, झोम्बा जिल्ह्यात, दोन वर्षं हेच काम केलं. गावातल्या तरुणांना शेतीला जोडून मासे वाढवायला शिकवायचं, असं ते काम. फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून लिहून ठेवते.

देश तरुण आहे. 2018च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे पावणेदोन कोटी होती आणि निम्म्याहून जास्त लोक अठरा वर्षांच्या आतले. शेताचे तुकडे लहान, पीक मुख्यतः मक्याचं. नोव्हेंबर ते एप्रिल पाऊस, त्यावर एकच हंगाम. मलावी सरोवर साडेपाचशे किलोमीटरहून लांब आहे खरं, पण आमच्या गावांना जवळचं ते चिल्वा सरोवर. ते उथळ, त्यातून बाहेर वाहणारी नदी नाही, आणि 1995 साली ते पार आटलं होतं. म्हणून घराजवळचं तळं.

माझी सगळ्यात मोठी चूक पहिल्याच तुकडीत झाली. वीस जणांत तीनच मुली होत्या आणि मला त्यात काही खटकलं नाही. एकोणीस वर्षांचा एक मुलगा फार मेहनती. उन्हाळ्यात त्यानं दिम्ब्यात तळं खणलं. दिम्बा म्हणजे ओढ्याकाठची ओल टिकवणारी जमीन, जिथं पावसाळा संपल्यावरही भाजी होते. बांध इतका नीट चोपला होता की मी दुसऱ्या गावांतल्या मुलांना तो दाखवायला आणायचे. पुढच्या वर्षी त्याचं लग्न झालं आणि तो गाव सोडून गेला.

दक्षिण मलावीत बऱ्याच समाजांत जमीन आईकडून मुलीकडे जाते. लग्नानंतर नवरा बायकोच्या गावी नांदायला जातो. या रीतीला चिकामविनी म्हणतात. आपल्याकडच्या घरजावयासारखी ती अपवादाची गोष्ट नाही, तिथली ती रीतच आहे. तळं राहिलं त्याच्या आईच्या जमिनीत, आणि ते कसं सांभाळायचं हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. जिच्याकडे ती जमीन पुढे जायची, त्या त्याच्या धाकट्या बहिणीला आम्ही प्रशिक्षणाला बोलावलंच नव्हतं. चार महिन्यांत तळ्यात लव्हाळे उभे राहिले.

नंतर आम्ही भावाबहिणींची जोडी मागू लागलो. मुलगा खणायला बळकट असतो, पण तळं राहतं मुलीकडे. गावप्रमुखाला, म्फुमुला, भेटायचंच. तिथं बायकाही प्रमुख असतात. पण त्या घरच्या मामालाही भेटा. जमिनीच्या बाबतीत मामाचा शब्द मोठा असतो. ही चौकशी मातीपरीक्षणाच्याही आधी करायची.

मातीचं म्हणाल तर ओल्या मातीचा लाडू वळून वर उडवा आणि झेला. फुटला नाही तर चिकणमाती पुरेशी आहे. तळं दोन गुंठ्यांचं पुरतं, एका टोकाला गुडघाभर, दुसऱ्या टोकाला कमरेच्या वर. कोपऱ्यात काठ्यांचं कुंपण घालून त्यात गवत, पाला आणि कोंबड्या-शेळ्यांचं खत भरायचं. ते कुजतं, पाणी हिरवं होतं आणि तो हिरवेपणा माशांचं अर्धं जेवण असतो. पाणी तपासायला यंत्र नको. हात सरळ खाली बुडवायचा, तळवा वर. कोपर पाण्याला लागायच्या आत तळवा दिसेनासा झाला तर खत थांबवायचं, कोपर भिजलं तरी दिसतोय तर वाढवायचं. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर पाण्यात प्राणवायू कमी आहे. लगेच ताजं पाणी सोडा. हे फळ्यावर शिकवता येत नाही. मी मुलांना सकाळी साडेपाचला काठावर बोलवायचे, आणि धुकं असलं तरी ती यायची.

खाद्याचा प्रश्न मला पुस्तकात भेटला नव्हता. रोज मक्याचा कोंडा (तिथं त्याला मडेया म्हणतात) टाका, असं मी शिकवलं. जानेवारीत एका घरी गेले तर चुलीवर तोच कोंडा शिजत होता. डिसेंबर ते मार्च जुना मका संपलेला असतो, नवा शेतात उभा असतो. माणसं कोंडा खातात त्या दिवसांत माशांना कोंडा घाला असं म्हणायची मला लाज वाटली. मग आम्ही चिलुंगुनी माशावर भर दिला. तो गवत आणि रताळ्याचा वेलही खातो. सोबत माकुम्बा हा दुसरा स्थानिक मासा. नाईल तिलापिया झटपट वाढतो म्हणून तो आणू नका; सरोवरातल्या स्थानिक जाती जपण्यासाठी त्याला मनाई होती आणि ती मला योग्यच वाटते. जून-जुलैत झोम्ब्यात थंडी असते, वाढ मंदावते, म्हणून सहा महिन्यांत मासा विकायला येईल असं वचन देऊ नका.

प्रशिक्षणाला बसल्याचा भत्ता मागतात म्हणून काही सहकारी चिडायचे. मला ते पटलं नाही. एक दिवस दुसऱ्याच्या शेतात न राबणं म्हणजे त्या दिवसाचं पीठ जाणं. जेवण तरी द्याच. गोगलगायी असलेल्या पाण्यात उतरण्यानं बिल्हार्झिया हा परजीवी कृमींचा रोग होतो, तेव्हा काठाचं गवत कापत राहा आणि परतल्यावर तपासणी करून घ्या. चिचेवा ही तिथली भाषा शिका. मला सुरुवातीला सगळे ‘अम्वेन्ये’, म्हणजे भारतीय, म्हणायचे, कारण त्यांच्या ओळखीचा भारतीय म्हणजे दुकानदार. बोलता येऊ लागल्यावर ‘आमायी’, म्हणजे आई, झाले.

त्या मुलाची बहीण दुसऱ्या तुकडीत आली. लव्हाळे तिनं एकटीनं उपटले. मार्च 2023 मध्ये फ्रेडी चक्रीवादळानं दक्षिण मलावीत हाहाकार केला तेव्हा मी परत आले होते. तीन आठवड्यांनी फोनवर तिचा आवाज ऐकला. बांध फुटला, मासे गेले, तळ्यात मांडीभर गाळ बसलाय. त्या गाळात तिनं म्पिरूची पालेभाजी आणि भोपळा लावला होता. “ओल आहे तोवर भाजी काढते, आमायी. ऑगस्टमध्ये परत खणेन. माशांची बोटभर पिल्लं कुठे मिळतील तेवढं विचारून ठेवा.”