प्रभूची प्रार्थना सावकाश कशी करावी

प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रार्थना, तोंडपाठ असली की ती अर्ध्या मिनिटात उरकते. तीच एकेक मागणी घेऊन केली तर पंधरा-वीस मिनिटे कमी पडतात. प्रोटेस्टंट धर्मसुधारणेचा प्रणेता मार्टिन लूथर याने १५३५ मध्ये आपल्या न्हाव्याला, पेटरला, प्रार्थनेची रीत लिहून दिली, तिचा बराच भाग हाच आहे.

सुरुवातीला हेतू स्पष्ट असू द्या. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, ६:९ पासून, ही प्रार्थना येते. त्याच्या अलीकडच्याच वचनात येशू सांगतो, की तुम्ही मागण्यापूर्वीच तुमच्या गरजा पित्याला ठाऊक आहेत. तेव्हा देवाला आपली खबर देण्यासाठी प्रार्थना नसते. नवसासारखी देवाणघेवाणही नसते. मागितलेले देव ऐकतो, हा ख्रिस्ती विश्वास आहेच. पण मागता मागता मागणाऱ्याची इच्छा पित्याच्या इच्छेशी जुळत जाते, हे प्रार्थनेचे मोठे काम. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत खुद्द येशूने आधी ‘हा (दुःखाचा) प्याला टळो’ असे मोकळेपणी मागितले आणि मगच ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ म्हटले. या दोन्हींतले एकही गाळू नका.

वेळ ठरलेली ठेवा, शक्यतो सकाळी मोबाइल हातात घेण्याआधी. येशू खोलीचे दार लावून घ्यायला सांगतो. एका खोलीच्या घरात ते जमत नाही. गॅलरी, गच्ची, चर्चचा रिकामा बाक, काहीही चालेल. पुटपुटत का होईना, तोंडाने बोला. नुसते मनात म्हटले की मन लवकर भरकटते.

पहिल्या तीन मागण्या देवाच्या आहेत: त्याचे नाव, त्याचे राज्य, त्याची इच्छा. बहुतेक जण इथून धावत ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ इथपर्यंत पोचतात आणि मग प्रार्थनेची वाणसामानाची यादी होते. प्रत्येकीला दोन-तीन मिनिटे द्या. ‘तुझे नाव पवित्र मानले जावो’ म्हटल्यावर आभाराची एक ठरावीक गोष्ट सांगा. सुचत नसेल तर बायबलमधले स्तोत्र १०३ उघडा. ‘तुझे राज्य येवो’ इथे मध्यस्थीची, म्हणजे दुसऱ्यांसाठी करायची, प्रार्थना बसते. दोन-तीनच माणसे नावानिशी घ्या आणि प्रत्येकासाठी एकच नेमके मागणे मागा. ‘सर्वांना आशीर्वाद दे’ म्हणणे सोपे असते, कारण त्यात कोणाचीच आठवण करावी लागत नाही.

भाकरीच्या मागणीत दोन शब्द पाहा: ‘आज’ आणि ‘आम्हांला’. या प्रार्थनेत ‘मी’ कुठेच नाही, म्हणून शेजारच्या घरातली चूलही तुमच्या मागण्यात येते. पगार, भाडे, औषधे सगळे इथे मागावे, आणि स्पष्ट मागावे. मोघम मागितले तर मिळाल्याचे कळत नाही, मग आभार मानायचे राहून जाते.

खरी अडचण पुढच्या मागणीत. ‘जसे आम्ही आमच्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’, हे म्हणताना एखादा चेहरा समोर येतोच. प्रार्थना संपल्यावर येशू पुन्हा वळतो तो फक्त याच मागणीकडे (६:१४-१५). म्हणून इथे घाई नको. आधी स्वतःचे पाप नाव घेऊन कबूल करा: ‘चुकलो असेन तर क्षमा कर’ असे नव्हे, ‘काल भावाशी खोटे बोललो’ असे. मग त्या चेहऱ्याचे नाव घ्या. क्षमा लगेच जमत नसेल तर ‘सोडायची इच्छा दे’ एवढेच मागा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मागा. क्षमा करायची म्हणून घडलेला अन्याय योग्य ठरत नाही, आणि मारहाण करणाऱ्याच्या घरी परतण्याची सक्तीही होत नाही. हे स्पष्ट न सांगितल्याने अनेक बायकांवर नको ते ओझे पडले आहे.

‘परीक्षेत आणू नकोस’ म्हणताना आजचा ठाऊक असलेला मोह सांगा. ‘राज्य, सामर्थ्य व गौरव’ हा शेवट प्रोटेस्टंट मंडळी म्हणतात. कॅथलिक ‘वाइटापासून सोडव’ इथेच थांबतात आणि मिस्सामध्ये (त्यांच्या मुख्य उपासनेत) ते शब्द धर्मगुरूच्या एका छोट्या प्रार्थनेनंतर म्हणतात. मत्तयाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ती ओळ नाही. घरी दोन्ही पंथांची माणसे असतील तर यावरून वाद घालू नका.

मन भरकटले तर जवळच्या कागदावर तो विचार लिहून ठेवा, किंवा त्याचीच प्रार्थना करा. शब्दच फुटत नसतील तर स्तोत्र १३ मोठ्याने वाचा. सहाच वचने आहेत: आधी ‘किती वेळ’ ही तक्रार, मग मागणे, शेवटी भरवसा. देवाकडे तक्रार करणे अविश्वास नव्हे, हे त्यातून दिसते.

उत्तर येत नाही तेव्हा स्वतःचे पाप शोधत बसण्याची सवय अनेकांना असते. प्रेषित पौलाने ‘शरीरातला काटा’, म्हणजे त्याला छळणारी एक व्यथा, निघावा म्हणून तीनदा विनवले. काटा राहिला, ‘माझी कृपा तुला पुरे’ हे उत्तर मिळाले. कोणी आजारी असेल तर प्रार्थनेबरोबर औषध चालू ठेवा. गोळ्या बंद करणे म्हणजे विश्वास, असे सांगणाऱ्याचे ऐकू नका.

एखाद्या दिवशी एकाच मागणीत सगळा वेळ गेला, तर जाऊ द्या. लूथरही हेच सांगतो. राहिलेल्या मागण्या एकदा सरळ म्हणा आणि उठा.