दहावीच्या वयात बांधकामाचं काम शिकताना या चुका टाळा

एसएसएलसीचा (कर्नाटकातल्या दहावीचा) निकाल लागला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत एकच चर्चा सुरू होते: पीयूसी (अकरावी-बारावी), डिप्लोमा की आयटीआय? मार्क कमी पडलेले असले तर कुणीतरी काका हमखास सुचवतात, "अभ्यासात डोकं चालत नाही ना, मग गवंड्याच्या हाताखाली घाला." या क्षेत्रातली सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. दिवसभर माप, उतार, प्रमाण आणि हिशेब लागणारं काम आपण ‘डोकं न चालणाऱ्याचं’ म्हणून मुलाच्या हाती देतो आणि मुलगाही ते तसंच शिकतो. वर्षभर घमेली उचलतो, पण ओळंबा कसा धरायचा ते त्याला कुणी दाखवत नाही आणि तोही विचारत नाही.

आठवी-नववीत असलेल्या मुलाला या कामाची आवड दिसत असेल तर शाळा सोडवू नका. गणिताच्या तासाला बसवा आणि सुट्टीत टेप हातात द्या. दोन्ही एकत्र चाललं पाहिजे.

आखणीत काटकोन डोळ्यांनी ठरवणं

आपल्याकडच्या लेआऊटमध्ये 30 बाय 40 फुटांचा प्लॉट सगळ्यांच्या ओळखीचा. त्याचा कर्ण बरोबर 50 फूट येतो. पायथागोरसचा जो सिद्धांत मुलं परीक्षेपुरता पाठ करतात, तो इथे चार खुंट्या आणि दोरीवर उभा असतो. तरीही शिकाऊ मुलं गुण्या (काटकोन तपासायचं अवजार) कोपऱ्याला लावतात, "बसला" म्हणतात आणि फक्की (आखणीची पांढरी पूड) टाकायला सुरुवात करतात. दोन फुटांच्या गुण्याला न दिसलेली चूक पुढे 40 फुटांवर वाढत जाते.

म्हणून दोन्ही कर्ण मोजायचेच. एक 50 फूट 4 इंच आणि दुसरा 49 फूट 8 इंच आला तर 30 फुटांची भिंत शेवटाला साधारण 5 इंच तिरपी जाणार. पाया, वीट, प्लास्टर होईपर्यंत ते कुणाच्या लक्षात येत नाही. फरशी बसवायला आलेला मिस्त्री भिंतीकडेचे तुकडे एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळते कापू लागतो, तेव्हा घरमालकाला कळतं.

कर्ण जुळले नाहीत तर चारही खुंट्या हलवत बसू नका. रस्त्याकडची एक बाजू पक्की धरा, तिच्या दोन खुंट्यांना हात लावू नका. मागच्या दोन खुंट्या एकाच दिशेने सारख्या सरकवा आणि बाजू, कर्ण पुन्हा मोजा. कापडी टेप ताणला की वाढतो, त्यामुळे आखणीला स्टीलचाच टेप घ्या. शून्य धरणारा मुलगा कुठे धरतोय तेही बघा. पुष्कळदा चूक त्याच टोकाला असते. लहान खोलीला कोपऱ्यापासून दोन बाजूंवर 3 आणि 4 फूट मोजून त्या खुणांमधलं अंतर 5 फूट येतं का बघितलं तरी चालतं, पण जागा मोठी असेल तर 6, 8, 10 किंवा 9, 12, 15 घ्या. जितकं मोठं माप, तितकी चूक कमी.

माल सैल करण्यासाठी पाणी ओतणं

सगळ्यात जास्त नुकसान करणारी सवय ही, म्हणून तिच्यावर जरा थांबतो. स्लॅबच्या दिवशी मिक्सरवर उभ्या असलेल्या मुलाच्या हातात पाण्याचा पाइप असतो. वरून ओरड येते, "माल घट्ट येतोय!" आणि तो पाइप सोडतो. माल छान सरकायला लागतो, सगळे खूश. पण जास्तीचं पाणी सिमेंटला लागत नाही. ते नंतर उडून जातं आणि मागे बारीक पोकळ्या सोडतं. काँक्रीटची ताकद घटते, पुढे पावसाळ्यात स्लॅब झिरपतो.

हिशेब सोपा आहे. सिमेंटचं पोतं 50 किलोचं. पाणी सिमेंटच्या निम्मं धरलं तर एका पोत्याला 25 लिटर. रंगाची रिकामी 20 लिटरची बादली असेल तर सव्वा बादली. पाइप बंद करा आणि मुलाला बादलीनेच पाणी घालायला लावा. इतक्या पाण्यात माल फारच घट्ट वाटत असेल तर खडी-वाळूचं प्रमाण तपासा. नाहीतर इंजिनिअरला विचारून प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन) वापरा, पण पाणी वाढवू नका.

त्यात आपल्याकडचा पाऊस. जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला जूनपासून वाळूचा ढीग कोरडा सापडणं मुश्कील. ओलसर वाळू फुगते, कधी कधी पाव हिश्शाहून जास्त. म्हणजे मापाची पेटी भरलेली दिसते, पण आत वाळू कमी आणि पाणी जास्त. तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. सरळ उभ्या काचेच्या भांड्यात ओली वाळू न दाबता भरा आणि उंची मोजा. मग तीच वाळू बाहेर काढून भांड्यात अर्धं पाणी घ्या, वाळू परत घाला, काडीने ढवळा आणि बसू द्या. आधी 20 सेंटीमीटर होती आणि आता 16 राहिली, तर फुगवटा 25 टक्के. तितकी वाळू मापात जास्त घ्यायची आणि वाळूतल्या पाण्याचा अंदाज धरून बादलीतलं पाणी कमी करायचं. हा प्रयोग नववीच्या वर्गात सहज होतो. विज्ञानाच्या शिक्षकांनी तो एकदा जरूर करून दाखवावा.

पाणी मारण्याच्या बाबतीत उलट घडतं. तिथे हात आखडतात. साध्या ओपीसी सिमेंटला किमान 7 दिवस, फ्लाय ॲश असलेल्या पीपीसीला किमान 10 दिवस काँक्रीट ओलं राहिलं पाहिजे. पोत्यावर काय छापलंय ते मुलाला वाचायला लावा. "पाऊस आहे, कशाला पाणी मारायचं?" असं म्हणू नका. दोन सरींच्या मधल्या उन्हात स्लॅब वाळतोच. अथणी, रायबागकडे एप्रिलच्या उन्हात तर ओली गोणपाटं घातल्याशिवाय भागत नाही.

सळईखाली खडीचा तुकडा सरकवणं हीसुद्धा नेहमीची चूक. काँक्रीट ओतताना तो घसरतो, सळई शटरिंगला टेकते आणि काही वर्षांनी तिथेच गंजून प्लास्टर सोडते. स्लॅबला 20 मिलिमीटर, कॉलमला 40 मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळईबाहेर काँक्रीटचा थर हवा. सळईखाली ठेवायचे तेवढ्याच जाडीचे सिमेंटचे ठोकळे, म्हणजे कव्हर ब्लॉक, आदल्या आठवड्यात मुलांकडूनच पाडून घ्या, म्हणजे माप कायमचं लक्षात राहतं.

चपला घालून साइटवर जाणं

ओल्या सिमेंटने कातडी भाजते. सुरुवातीला दुखत नाही, म्हणून मुलं दिवसभर तसेच पाय मालात ठेवतात आणि रात्री फोड येतात. गमबूट आणि हातमोजे पहिल्या दिवसापासून हवेत. अंगाला माल लागला तर लगेच भरपूर साध्या पाण्याने धुवायचं. बोर्डात उघड्या वायरी काडीने दाबून मशीन चालवणारा मिस्त्री कितीही हुशार असला तरी त्याच्या हाताखाली मूल ठेवू नका. साइटच्या तात्पुरत्या बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) आहे का, हे पालकाने स्वतः जाऊन विचारावं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

ट्रेड न बघता फॉर्म भरणं

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांमुळे आपल्याकडे फिटर, टर्नरकडे ओढा जास्त. बांधकामाचे ट्रेड शेवटी, उरले म्हणून भरले जातात. गवंडीकाम आणि प्लंबर हे एक वर्षाचे, तर इलेक्ट्रिशियन आणि ड्राफ्ट्समन सिव्हिल दोन वर्षांचे. इलेक्ट्रिशियनला दहावी पास लागते, गवंडीकामाला आठवीवरही प्रवेश मिळतो. पण पुढे डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला थेट जायचं असेल तर दहावी आणि दोन वर्षांचा आयटीआय हा रस्ता आहे, म्हणून मुलाची दहावी अर्धवट ठेवू नका. मुलींनी ड्राफ्ट्समन सिव्हिलचा विचार नक्की करावा. हाताने नकाशा समजून काढणारी माणसं कमी आहेत.

प्रवेश घेण्याआधी संस्थेला त्याच ट्रेडसाठी केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाची (डीजीटी) मान्यता आहे का ते बघा. बोर्डावर नुसतं ‘आयटीआय’ लिहिलेलं पुरत नाही. हजेरी 80 टक्क्यांच्या खाली गेली तर परीक्षेला बसता येत नाही. गणपतीपासून दिवाळीपर्यंत मुलांना शेतात, दुकानात अडकवणाऱ्या घरांनी हे आधीच ध्यानात घ्यावं.

महाराष्ट्रात डिप्लोमा करायचा असेल तर सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या उमेदवारांसाठी तिथल्या प्रवेशात वेगळा गट आहे. त्याचे दाखले निकालानंतर धावपळ करून मिळत नाहीत, एप्रिल-मेमध्येच कामाला लागा. त्याआधी नावाचं स्पेलिंग तपासा. ज्ञानेश्वर, चव्हाण, जाधव अशी नावं मराठीतून, कन्नडमधून इंग्रजीत जाताना शाळेच्या दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरी होतात आणि अर्ज तिथेच अडकतो.

अठराच्या आधी मजुरी, अठरानंतर कागद नाही

सुट्टीत शिकायला जाणं वेगळं आणि गोव्याच्या साइटवर मुकादमाबरोबर मजुरीला पाठवणं वेगळं. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला अपघात झाला तर त्याच्या नावावर कुठलाच कागद नसतो. बांधकाम कामगार कल्याण मंडळाची नोंदणी 18 ते 60 वयातच होते आणि मागच्या 12 महिन्यांत किमान 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. पीएम विश्वकर्मा योजनेलाही 18 पूर्ण हवीत. तिच्यात गवंडी आणि सुतार दोन्ही येतात. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला 500 रुपये आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आहे. एका घरातून एकालाच लाभ मिळतो, त्यामुळे वडिलांच्या नावावर घ्यायचा की मुलाच्या, हे घरात आधी ठरवा.

अठरा पुरी झाल्यावर मुलाने पहिल्या दिवसापासून एक वही ठेवावी: तारीख, साइटचं गाव, काय काम केलं, मिस्त्रीचं आणि मालकाचं नाव, हातात आलेली मजुरी. दर शनिवारी पगाराच्या वेळी मालकाची किंवा मुकादमाची सही तिथेच घ्यायची. सहा महिन्यांनी 90 दिवसांचा दाखला मागायला गेलं की "कधी होतास रे तू?" असं विचारलं जातं, तेव्हा ही वही पुढे करायची.